कोकणात साऊंड इंजिनिअर म्हणून पोट भरतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारपट्टीवर लाईव्ह साऊंड, रेकॉर्डिंग किंवा शूटिंगच्या आवाजाचं काम करणाऱ्यांसाठी आणि त्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. नुसता हौशी डीजे व्हायचं असेल तर यातलं निम्मं लागू पडणार नाही.

या कामावर बारा महिने घर चालतं का?

चालतं, पण एकाच प्रकारच्या कामावर नाही. तुळशीची लग्नं झाली की जत्रा लागतात. दहीकाले आणि दशावतारी नाटकं थेट मेपर्यंत रांगेत उभी असतात. लग्नसराईही त्याच महिन्यांत येते. मार्लेश्वरला मकरसंक्रांत, कुणकेश्वरला महाशिवरात्र, मग शिमगा, रत्नागिरीकडे नमन-खेळे. जूनमध्ये पाऊस धरला की मैदानातलं काम संपतं. ते गणपतीला परत येतं, तेही भजन, आरती आणि जाखडीपुरतं, घरात नाहीतर पत्र्याखाली. त्यानंतर नवरात्र.

म्हणजे जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट हातात फारसं काही नसतं. त्या दिवसांत दुरुस्ती, रेकॉर्डिंगचं मिक्सिंग आणि यूट्यूब चॅनेलवाल्यांचा आवाज साफ करून देणं ही कामं ज्याच्याकडे असतात, त्याला कर्ज काढावं लागत नाही. सुपाऱ्या घेताना एक लक्षात ठेवा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल झाल्यावर ती जाहीर होते. मालवण-कणकवलीकडे काम करत असाल तर ती जाहीर होईपर्यंत फेब्रुवारी-मार्चच्या तारखा घट्ट बांधून टाकू नका.

आधी माल घ्यावा की काम शिकावं?

काम. आमचं याबाबत ठाम मत आहे. दर तालुक्यात बेस आणि टॉप (खालच्या आणि वरच्या सुरांचे स्पीकर) घेऊन बसलेले मालक भरपूर आहेत. तोच माल नीट वाजवणारा ऑपरेटर मात्र शोधावा लागतो. आठ-दहा लाखांची सिस्टीम घेतली की टेम्पो, गडी, गोडाऊन आणि हप्ता मागोमाग येतात, आणि हप्ता पावसाळ्यातही चुकत नाही. ऑपरेटर म्हणून नाव झालं की चार मालक तुम्हाला बोलावतात आणि माल त्यांचा खराब होतो. एक-दोन हंगाम असे काढले की कुठला माल खरंच चालतो आणि कुठला दर सहा महिन्यांनी दुरुस्तीला जातो, ते दुसऱ्याच्या पैशाने कळतं.

कर्ज काढायचंच असेल तर मुद्रा योजनेत ‘शिशू’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’मध्ये ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’मध्ये १० लाखांपर्यंत मिळतं. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

स्वतःच्या बॅगेत काय असावं?

पहिल्या वर्षी एवढंच पुरे: गायनाचा एक चांगला डायनॅमिक माईक (शुअर एसएम ५८ किंवा त्या तोडीचा), बंद कपांचा हेडफोन (सोनी एमडीआर ७५०६ किंवा ऑडिओ टेक्निका एम ५० या जातीचा), दोन डीआय बॉक्स (वाद्याचा किंवा लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारे), केबल टेस्टर, मल्टीमीटर, ४० वॅटचा सोल्डरिंग गन आणि शिसं, कापडी गॅफर टेप, टॉर्च, पेन ड्राइव्ह आणि कन्व्हर्टर पिनांचा एक डबा. या डब्यात मोबाईलची स्टिरिओ पिन ते दोन मोनो जॅक ही केबल हवीच, कारण भाषणाआधीचं स्वागतगीत शेवटच्या मिनिटाला कुणाच्या तरी फोनवर सापडतं.

एक्सएलआरची, म्हणजे माईकच्या केबलची तीन टोकांची पिन स्वतः बदलता आली पाहिजे. १ नंबरला शिल्ड (बाहेरची जाळी), २ ला हॉट, ३ ला कोल्ड (सिग्नलच्या दोन तारा). २ आणि ३ उलटे जोडले गेले तर केबल चालते, आवाजही येतो, पण तोच माईक दुसऱ्या माईकच्या जवळ आला की आवाज पोकळ होतो आणि बेस नाहीसा होतो. हा दोष कानाने शोधायला अर्धा तास जातो, टेस्टरवर पाच सेकंदांत दिसतो.

शिकायचं कुठे? डिग्री लागते का?

लाईव्ह कामाला कुणी डिग्री विचारत नाही. सिनेमाच्या साऊंडमध्ये जायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा असते. मुंबई-पुण्यात खासगी क्लासेस खंडीभर आहेत. तिथे एकच प्रश्न विचारा: मिक्सरवर माझा स्वतःचा हात एकूण किती तास असेल? आकडा सांगता आला नाही तर फी भरू नका. त्याऐवजी एखाद्या चांगल्या मालकाकडे केबल गुंडाळण्यापासून एक हंगाम काढा आणि घरी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकून रोज तासभर काढा. त्याची ६० दिवसांची चाचणी आवृत्ती पूर्ण क्षमतेने चालते.

दशावताराचा आवाज बसवताना नेमकं काय करायचं?

कोकणातल्या ऑपरेटरची खरी परीक्षा इथे होते. संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात, पात्र कुठून येईल आणि कुठे उभं राहील याचा नेम नसतो. राक्षस पार्टीची आरोळी आणि स्त्री पार्टीचं पद यांच्यात सहज १५ डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक पडतो.

समोरच्या कडेला तीन माईक पुरतात. पात्र माईकपासून साधारण १ मीटरवर येणार असेल तर दोन माईकमध्ये निदान ३ मीटर अंतर ठेवा. त्याहून जवळ लावले तर एकच आवाज दोन माईकमध्ये थोड्या वेळाच्या फरकाने शिरतो आणि संवाद नळीतून आल्यासारखा ऐकू येतो. सहा माईक टांगून सगळे उघडे ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी (माईकने स्पीकरचा आवाज परत पकडला की येते ती) मिळणारा आवाज ३ डीबीने घटतो. एकाचे चार केले की ६ डीबी गेले. बोट फेडरवर (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीवर) ठेवा, पात्र जिथे आहे तो माईक वर, बाकीचे ८ ते १० डीबी खाली.

गेन (माईकचा सिग्नल मिक्सरमध्ये किती वाढवायचा ते) लावताना नेहमीचा संवाद डिजिटल मिक्सरवर उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा म्हणजे आरोळीला जागा राहते. लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) १२० ते १५० हर्ट्झवर. युद्धनृत्यात फळ्यांवर पाय आपटतात, लो-कट नसेल तर तो धडधडाट थेट बेसमध्ये जातो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) ३ ला १, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंदांच्या आसपास. त्याहून जास्त दाबलं तर दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत जनरेटर ऐकू येतो.

पायपेटीला माईक मागच्या बाजूने, २० ते २५ सेंटिमीटरवर, वरून तिरका लावा. खालून लावला तर पायाच्या भात्याची करकर सुरांपेक्षा जास्त येते. मृदंगाला दोन चॅनेल मिळाले तर दोन्ही पुड्यांपासून १० ते १५ सेंटिमीटरवर एकेक. एकच मिळाला तर मधोमध, हातभर अंतरावर. झांजेला माईक लावू नका. ती तशीही प्रत्येक माईकमध्ये असते. उलट झांजवाला मृदंगाच्या माईकच्या पाठीमागे बसेल असं आधीच सुचवून बघा.

कॉलरचे किंवा कानाचे वायरलेस माईक पात्रांना लावावेत का, हे हल्ली फार विचारतात. आमच्या मते नको. मुकुट, दागिने आणि भुजकट्या खणखणतात, घाम माईकच्या जाळीत उतरतो आणि रंगावर टेप टिकत नाही. ठेकेदाराचा हट्टच असेल तर फक्त नायक आणि खलनायक यांना लावा आणि समोरचे माईक राहू द्या.

डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) “त्यांच्या बुवांचा आवाज मोठा ठेवला” हे भांडण कसं टाळायचं?

दोन्ही बाजूंना एकाच मॉडेलचे माईक, एकाच लांबीच्या केबल आणि एकच गेन. सुरुवातीला दोन्ही बुवांना बोलावून मिक्सरचा मीटर दाखवा: दोघांचे फेडर शून्यावर, इको सारखाच. डिजिटल मिक्सर असेल तर दोन बाऱ्यांचे दोन सीन सेव्ह करा म्हणजे एक बारी गात असताना दुसरीचे माईक आपोआप बंद राहतात. इकोची मागणी प्रत्येक बुवा करणार. तो शब्दांच्या मधल्या जागेत ऐकू यावा, शब्दांवर चढू नये. २५० ते ३०० मिलिसेकंदांचा डिले आणि त्याचा आवाज मूळ आवाजापेक्षा १२ डीबी खाली, इथून सुरुवात करा आणि गजर द्रुत झाला की आणखी कमी करा. पखवाजाचे बोल इकोत गेले की लय विस्कटते, म्हणून पखवाजाला इको शून्य.

माईक शिट्टी मारतो. ईक्यूवर एकेक फ्रिक्वेन्सी कापत राहायची का?

आधी जागा बदला. कार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच ऐकणाऱ्या) माईकची पाठ बरोबर मॉनिटरकडे (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरकडे) हवी. सुपरकार्डिऑइड असेल तर मॉनिटर थोडा बाजूला घ्या, कारण त्या जातीचा माईक अगदी मागूनही थोडं ऐकतो. गायकाने जाळी मुठीत धरली तर कुठलाही माईक सगळीकडून ऐकू लागतो आणि ईक्यूने ते सुटत नाही. त्याला हात खाली घ्यायला सांगावंच लागतं. त्यानंतर आवाज हळूहळू चढवा, पहिली शिट्टी आली ती फ्रिक्वेन्सी अरुंद पट्ट्यात ३ ते ६ डीबी कापा, पुन्हा चढवा. चार-पाच काप झाल्यावरही शिट्टी येत असेल तर स्पीकर माईकच्या मागे आहेत. ते पुढे आणा.

हमिंग (सततची घूं-घूं) येतं आणि कधी कधी अँप्लिफायर जळतो. चूक कुणाची?

बहुतेक वेळा विजेची. म्हणून प्लग लावायच्या आधी मल्टीमीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर न्यूट्रलवर भार जास्त आहे किंवा जोड सैल आहे. फेज ते अर्थिंग हा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळपास नसेल तर तिथे अर्थिंग नाहीच असं समजा.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे थ्री-फेज लाईनचा न्यूट्रल तुटणं. तेव्हा दोन फेजवरची उपकरणं ४१५ व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्यावर भार कमी त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात, आणि रात्री नाटक चालू असताना तो बहुधा तुमचा मिक्सर असतो. खूण ओळखा: मंडपातले काही दिवे एकाएकी झगझगीत होतात आणि काही मंदावतात. असं दिसलं की विचार न करता मेन प्लग ओढा. लाईनला ओव्हर-व्होल्टेज कटऑफ लावलेला असेल तर तो तुमच्याआधी ओढतो. तो अँप्लिफायरच्या एका दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतो.

वायरची जाडी हा दुसरा मुद्दा. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर ५० मीटर लांब १० अँपिअर नेले तर साधारण साडेसात व्होल्ट पडतात. तेच १ चौरस मिलिमीटरच्या वायरवर जवळजवळ २० व्होल्ट जातात. गावात आधीच २०० व्होल्ट असताना अँप्लिफायरला १८० मिळाले की बेसच्या प्रत्येक ठोक्याला लाईट डुलतात आणि आवाज फाटतो. लोक म्हणतात स्पीकर गेला. स्पीकर ठीक असतो.

हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे अजून भेटतात. ते जीवघेणं आहे. ओल्या अंगणात, अनवाणी पायाने, हातात लोखंडी माईक धरून बुवा उभे असतात. हमिंग लूपमुळे (अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्यामुळे) असेल तर डीआय बॉक्सचा ग्राउंड-लिफ्ट दाबा, मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डवरून चालवा आणि लाईटवाल्याचा डिमर दुसऱ्या फेजवर टाका. मुख्य बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) स्वतःची न्या. सड्यावर, जांभ्याच्या कातळात अर्थिंगची सळई धड आत जात नाही आणि उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी असते की गेली तरी उपयोग होत नाही. तिथे विहिरीजवळची ओली जागा शोधून तिथून हिरवी वायर ओढावी लागते.

मैदान लांब आहे, मागच्यांना ऐकू येत नाही. पुढचा आवाज वाढवू का?

नको, पुढची पोरं बहिरी होतील. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज ६ डीबीने घटतो: १० मीटरवर ९५ असेल तर ४० मीटरवर ८३. मध्ये दोन छोटे स्पीकर लावा आणि त्यांना डिले द्या. आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. मुख्य स्पीकरपासून दुसरे २८ मीटरवर असतील तर २८ भागिले ०.३४९, म्हणजे ८० मिलिसेकंद. त्यात १० ते १५ मिसळा म्हणजे आवाज रंगमंचाकडूनच येतोय असं वाटतं. डिले न देता स्पीकर लावले तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि शिव्या तुम्हालाच बसतात.

रात्री १० नंतर काय?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. बंदिस्त सभागृहाला सूट आहे. सांस्कृतिक आणि धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस कुठले, याची जिल्ह्याची यादी दरवर्षी बघून घ्या. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डीबी आणि रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तिथल्या मर्यादेपेक्षा १० डीबी जास्त किंवा ७५ डीबी, यातलं जे कमी ते धरायचं. म्हणजे वाडीत दिवसा ६५. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे निदान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात.

परवानगी मंडळाने काढायची असते, पण कारवाई झाली तर पंचनाम्यात मिक्सर आणि अँप्लिफायर लिहिले जातात, मंडळाचं बॅनर नाही. परवानगीपत्राचा फोटो आपल्या फोनमध्ये आल्याशिवाय केबल टाकू नका, आणि वेळ संपली की कुणाच्या डोळ्यांत न बघता मेन फेडर खाली आणा.

दर किती लावायचा?

शेजारच्याने किती घेतले यावरून लावू नका. उदाहरण घ्या. घरखर्च महिन्याला २५ हजार, म्हणजे वर्षाचे ३ लाख. पेट्रोल, फोन, विमा, दुरुस्ती मिळून ६० हजार. स्वतःचं सामान दीड लाखाचं आणि ते पाच वर्षांत बदलावं लागणार, म्हणजे वर्षाला ३० हजार. एकूण ३ लाख ९० हजार. पैसे मिळणारे दिवस वर्षात ११० धरले तर दिवसाला ३,५५० च्या आत काम करणं तोट्याचं आहे. दिवस ८० भरले तर तोच आकडा ४,८७५ होतो. आकडे तुमचे टाका, रीत हीच.

रात्रभराचं नाटक आणि दोन तासांचं भाषण यांचा दर एक नसावा. पहाटे घरी येऊन झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारची सुपारी धड करू शकत नाही, म्हणून रात्रीच्या कामात तो दिवसही मोजा.

पैसे अडकतात, बुडतात. उपाय?

निम्मे आगाऊ, उरलेले कार्यक्रम संपायच्या आधी, मध्यंतरात. कार्यक्रम संपला की खजिनदार सापडत नाही. ठरलेलं सगळं व्हॉट्सअँपवर एका निरोपात लिहा: तारीख, वेळ, माईक किती, वीज कोण देणार, पाऊस आला तर आगाऊ रकमेचं काय, जेवण आणि राहणं. समोरच्याकडून ‘ठीक’ असं उत्तर घ्या. गावच्या देवस्थानाला सवलत द्यायची असेल तर बिलावर पूर्ण रक्कम लिहा आणि खाली सवलत वजा दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी सवलतीचा आकडाच तुमचा दर होतो.

जीएसटी लागतो का?

नुसती सेवा देत असाल तर वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या कंपन्या टीडीएस कापतात. तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावं लागतं.

रेकॉर्डिंगमधून जोडउत्पन्न मिळतं का?

मिळतं, आणि पावसाळ्यात तेच तारतं. डिजिटल मिक्सरवरून प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ३२ ट्रॅकचे तासाला साधारण साडेसोळा जीबी होतात, पाच तासांच्या नाटकाचे ८३. डिस्क एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर फाईल ४ जीबीला अडते, म्हणून आधीच एक्सफॅट करा. स्टेजबॉक्सला (रंगमंचावर माईक जोडायच्या डब्याला) नेटवर्क केबल वापरत असाल तर ती शिल्ड असलेली आणि धातूच्या टोकांची घ्या. साध्या केबलवर स्थिर विजेचा झटका बसला की आवाज क्षणभर तुटतो आणि तो तुकडा रेकॉर्डिंगमधून परत येत नाही.

यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणि ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ वर द्या. त्याहून मोठं करून दिलं तरी तिकडे ते खाली आणलं जातं, फक्त तुमचा मृदंग चपटा होऊन बसतो.

आणि परवानगी. कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे. नाटक कंपनीच्या मालकाची लेखी संमती न घेता नाटक चॅनेलवर टाकलं तर पुढच्या हंगामात ती कंपनी तुम्हाला माईकला हात लावू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

शूटिंगचं काम मिळालं तर वेगळं काय?

समुद्राचा आवाज सगळ्या फ्रिक्वेन्सीत पसरलेला असतो, नंतर कापून जात नाही. पात्राची पाठ समुद्राकडे नको. तशी असेल तर माईक जमिनीकडून समुद्राकडे वळतो आणि लाटा भरून घेतो. उलट पात्राचं तोंड समुद्राकडे असेल तर माईकची पाठ लाटांकडे राहते. ते जमत नसेल तर पात्राला किनाऱ्याला समांतर उभं करून बूम (लांब दांडीवरचा माईक) वरून सरळ खाली रोखायला दिग्दर्शकाला राजी करा. वाऱ्याला स्पंज पुरत नाही, जाळीची टोपी आणि वर केसाळ कव्हर लागतं. पावसाळी संध्याकाळी रातकिडे बरोबर ‘स’ आणि ‘श’ च्या पट्ट्यात किरकिरतात, तेव्हा संवादाचे प्रसंग सकाळी मागून घ्या. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून एक मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड करा. एडिटर दुवा देतो.

खाऱ्या हवेत माल टिकवायचा कसा?

किनाऱ्यावरच्या कार्यक्रमानंतर त्याच रात्री, निदान दुसऱ्या सकाळी, केबल आणि कॅबिनेट साध्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. मीठ राहिलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतं आणि जॅकवर हिरवी बुरशीसारखी पूड चढते. पिनांना काँटॅक्ट क्लिनर मारा. डब्ल्यूडी-४० मारू नका, तो मागे तेलकट थर ठेवतो आणि त्याला धूळ चिकटते. सोनेरी मुलामा दिलेल्या पिना महाग वाटतात, पण इथे त्या वसूल होतात.

कंडेन्सर माईक दमट हवेत कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज करतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरा. कोबाल्टचं निळं जेल मात्र स्वयंपाकाच्या तव्यावर नको, त्याला जुना वेगळा तवा ठेवा. पावसाळ्यात मिक्सर आणि अँप्लिफायर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा, आतली ओल निघते आणि पाली-मुंग्या घर करत नाहीत. रॅक जमिनीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळी घाला.

कानांचं काय?

८५ डीबीला आठ तास हा नेहमीचा हिशोब, आणि पुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० डीबीला फक्त १५ मिनिटं. शिमग्याच्या मिरवणुकीत १०० सहज ओलांडतात. कापसाचे बोळे आवाज नीट अडवत नाहीत. संगीतकारांसाठीचे १५ डीबीचे इअरप्लग मिळतात, ते सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या कमी करतात, त्यामुळे मिक्सिंग करता येतं. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल आणि सकाळपर्यंत थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम काढा. दर वर्षी एक काढलात तर कमी होणारं ऐकणं कागदावर दिसतं, गायकाने “ट्रेबल फार झालं” म्हणायच्या आधी.

मुंबईला जावं की गोव्याला?

स्टुडिओ आणि सिनेमासाठी मुंबई. लाईव्ह कामासाठी सिंधुदुर्गातल्या माणसाला गोवा जवळचा: हॉटेलांतली लग्नं, परिषदा. तिथे इंग्रजीत ईमेल, वेळेवर बिल आणि काळे कपडे लागतात. कोकणात राहूनही ही कामं होतात. फक्त ऐन जत्रेच्या महिन्यात गावच्या जुन्या गिऱ्हाइकाला दोनदा ‘नाही’ म्हटलं की तो तिसऱ्यांदा विचारत नाही.

हाताखाली माणूस कधी घ्यावा?

सलग तीन रात्रींची कामं लागली की लगेच. रात्रभर मोठा आवाज ऐकून थकलेला कान उंच फ्रिक्वेन्सी कमी ऐकतो आणि ऑपरेटर ट्रेबल चढवत बसतो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी केबल गुंडाळायला शिकवा: एक वेटोळं सरळ, दुसरं उलटं. कोपरावर गुंडाळली तर आतली तार पिळत जाते आणि सहा महिन्यांत कनेक्टरपाशी तुटते. मिक्सरला हात लावू द्यायच्या आधी त्याला मल्टीमीटर वाचता आला पाहिजे. त्याची मजुरी त्याच रात्री, मंडळाने तुमचे पैसे दिले असोत वा नसोत.